अकरावं नाव

दहा नावं भराभर उतरली,
वीजबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर, पेन्सिलीनं,
हडपसरच्या मैदानात रोलरला टेकून.
कालव्यापलीकडच्या इमारतींत दिवे लागलेले,
खेळपट्टी मात्र अजून दिसत होती.
अकरावं अडलं.
नऊच्या आत यादी कळवायची होती.

देवयानी तुपे. मागच्या रविवारी बासष्ट,
त्यातले तीन चौकार कव्हरमधून असे
की क्षेत्ररक्षकानं नुसती मान वळवली.
पण झेल आला की तिचे हात
परातीसारखे पसरतात
आणि चेंडू दुसरीकडेच वाढला जातो.

सायमा तांबोळी. डावरी फिरकी.
धावा देते त्या
सुटे पैसे मोजून द्यावेत तशा, नाखुशीनं.
तिच्या हातातली बॅट म्हणजे
नवरदेवाच्या हातातली कट्यार,
असावी म्हणून असते.

कोमल घुले. नऊ, चार, नाबाद शून्य.
गोलंदाजीचं विचारू नका.
पण पॉइंटला उभी राहिली
की तिच्या शेजारून जायचं की नाही
याचा चेंडूच आधी विचार करतो.

बँकेत एकतीस वर्षं काढली मी.
जमा, नावे, शिल्लक.
रकाने आखल्याशिवाय मला विचारच करता येत नाही.
पहिला रकाना धावा. दुसरा बळी.
तिसऱ्याला मथळा सुचेना.
अडवलेल्या धावा स्कोअरबुकात कुठेच नसतात.
न झालेल्या चोरीची
फिर्याद कोण नोंदवून घेणार?

‘तीन दगडांशिवाय चूल नाही,’
आमचे परदेशी सर म्हणायचे,
मारणं, टाकणं, अडवणं.
पटतं, सर.
पण इथे दगड तीन आणि जागा एक.

अठ्ठ्याऐंशी साली मी यष्टीमागे होते.
एक जादा फलंदाज घ्या, हा हट्ट माझाच.
ती जादा फलंदाज, माझी शैला,
शेवटच्या षटकात मिड-ऑनला वाकली,
जरा उशिरा वाकली,
आणि चेंडू दोन पायांमधून सीमेपार.
त्यावर आम्ही अजून बोललेलो नाही.
दिवाळीला तिच्याकडून चिवडा येतो.
चांगला असतो.

सायमा लिहिलं. खोडलं.
देवयानी लिहिलं. तेही खोडलं.
कागद पातळ झाला, पलीकडची रक्कम दिसायला लागली.
‘बाई, उठा, रोलर न्यायचाय,’ पांडबा म्हणाला.
टेका गेला.
मग उभ्यानंच, तळहातावर बिल धरून
कोमल लिहिलं.

रविवारी कोथरूडच्या पोरींनी
पॉइंटकडे एकही फटका मारला नाही.
एकही.
कोमल प्रत्येक चेंडूला वाकली, सरळ झाली, वाकली.
संध्याकाळी तिच्या गुडघ्यांना मातीचा डाग नव्हता.
तिला ओळखून होत्या त्या?
की त्यांचे फटकेच तिकडे जात नव्हते?
विचारायचं कुणाला?

आम्ही अकरा धावांनी हरलो.
देवयानीला त्या अकरा धावा
दीड षटकाचं काम.
सायमानं त्या दिल्याच नसत्या, कदाचित.
हे सगळं मला बसमध्ये सुचलं,
मैदानात नव्हे.

मैदानात मी बघत होते ते
देवयानी पाणी घेऊन आली ते.
अकराजणींना अकरा बाटल्या,
लांबूनच एकीनं परत फेकलेली एक,
डाव्या हातानं, न बघता, झेललीन.
खाली काहीच पडू दिलं नाही.

‘मॅडम, मी आज काहीच केलं नाही,’
हडपसर गाडीतळ आल्यावर कोमल म्हणाली.
मी म्हटलं, उतर सांभाळून.

बिल अजून पर्समध्येच आहे.
मुदत गुरुवारी उलटली.
मागच्या बाजूला एका नावाखाली
आणखी दोन नावं
पुसट, पण वाचता येतात.